सहा ओळींच्या खाली

एकदा मी एक व्रत घेतलं होतं. जे कुणी माझ्या पदरात टाकेल, त्यातलं एक अक्षरही सांडू द्यायचं नाही. आजवर ते मी मोडलेलं नाही. काना सांडला नाही, मात्रा सांडली नाही, कुणी चुकून सोडलेली मोकळी जागासुद्धा मी जशीच्या तशी जपली. तरीही माझ्यापायी तीन माणसं मरणाच्या दारापर्यंत जाऊन आली. आणि आत्ता, मी हे बोलत असताना, त्यांच्यातला एकजण पुन्हा खाली उतरला आहे.

सगळं सांगते. पण सुरुवातीपासून सांगायला हवं, नाहीतर नुसतं घाबरायला होईल आणि कळणार काहीच नाही.

मी एक चौकट बोलतेय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लिहायला जी पांढरी, रिकामी चौकट असते ना, ती. तुम्ही तक्रार लिहिता, पत्ता लिहिता, 'कळविण्यास आनंद होतो की' लिहिता, ते सगळं माझ्या बहिणींच्याच अंगावर. आमच्याकडे कुणी निरखून बघत नाही. ताटाकडे कोण बघतं? बघतात ते वाढलेल्याकडे.

माझा जन्म एका स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. टेबलाच्या एका टोकाला भाजीची सालं, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, आणि लॅपटॉपसमोर सूनबाई. घरी बसून ती लोकांना प्रोग्राम लिहून द्यायची. तिचा नवरा शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात फिटर होता. तिथल्या साहेबांना एक प्रोग्राम हवा होता. पाळी संपवून जाणाऱ्याने पुढच्या पाळीवाल्यासाठी सूचना लिहून ठेवायची, येणाऱ्याने ती वाचायची आणि खालचं 'वाचलं' असं बटण दाबायचं. ती सूचना लिहायची जागा म्हणजे मी. प्रोग्राम एकच, पण जितक्या कॉम्प्युटरवर तो चढवतात तितक्या ठिकाणी मी असते. माहेरी त्या टेबलावरही मीच, आणि केंद्राच्या कंट्रोल रूममध्येही मीच.

टेबलाच्या तिसऱ्या बाजूला सासूबाई बसायच्या, प्रार्थनेचं पुस्तक घेऊन. फिटर लहानपणी एका मोठ्या दुखण्यातून उठला, तेव्हा त्यांनी व्रत घेतलं होतं. वाचायला घेतलेलं काहीही शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय खाली ठेवायचं नाही, आणि तोवर जागचं हलायचं नाही. आधी ते प्रार्थनेपुरतं होतं. मग त्याला पाय फुटले. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, साबणाचं वेष्टन, दाराच्या फटीतून टाकलेली गाद्यांची जाहिरात, सगळं त्या शेवटपर्यंत वाचायच्या. बेल वाजत राहायची. दूध उतू जायचं.

"आई, दूध," सूनबाई लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणायची.

"थोडंच राहिलंय. गॅस तू बंद कर."

"त्या साबणाच्या कागदावर देव आहे का हो?"

"देव नसेल. पण कुणीतरी बसून शेवटपर्यंत लिहिलंय ना? मग शेवटपर्यंत वाचणारं कुणी नको?"

"एवढ्या मन लावून साबणवाल्याच्या बायकोनेसुद्धा वाचलं नसेल," फिटर मोजे चढवत म्हणायचा, आणि सासूबाई पुस्तकातून बोट न काढता त्याच्याकडे डोळे वटारायच्या.

मी तेव्हा नुकती जन्मले होते, अंगावर एक अक्षर नव्हतं. मला ते बोलणं फार आवडलं. त्या वाचून संपवणार असतील, तर आपण निदान जपून ठेवावं, असं मनात आलं आणि मी माझं व्रत घेतलं. जपून ठेवणं वेगळं आणि दिसू देणं वेगळं, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता माझ्या घडणीबद्दल थोडं. मी म्हणजे कापडाचा तागा. लिहाल तशी उलगडत जाते. पण पडद्यावर जागा थोडी, म्हणून माझ्यापुढे एक खिडकी बसवतात. खिडकीतून माझा दिसेल तेवढा तुकडा दिसतो. खिडकी मला सारखी विचारत असते, "बाई, तू किती लांब?" मी म्हणाले, वीस ओळी, आणि खिडकीत मावत असल्या सहा, तर ती मुकाट्याने काठाला एक स्क्रोलबार, म्हणजे उभी पट्टी, लावते. त्यातली ती लहानशी गोळी खाली ओढली की मी वर सरकते आणि उरलेलं दिसतं. एवढाच आमचा संसार. तो चालतो एका भरवशावर, की मी माझी लांबी खरी सांगेन.

पहिल्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला. "मॅडम, ते सूचनेचं डबडं हलतंय. कुणी जरा जास्त लिहिलं की फुगतं, आणि खालचं बटण घरंगळत पडद्याबाहेर. त्याला एका जागी गच्च बसवा बघू."

"बसवते," सूनबाई म्हणाली. एका डोळ्याने ती फोडणीकडे बघत होती. खिडकीला सांगायला हवं होतं की तू एवढीच राहा. घाईत तिने ते खिडकीला न सांगता मला सांगितलं. एक ओळ. तुझी लांबी सहा ओळी, आणि कायमची.

त्या दिवसापासून खिडकी विचारायची, "बाई, तू किती लांब?" आणि मी म्हणायचे, "सहा ओळी." अंगावर दहा ओळी असोत, नाहीतर चाळीस, माझ्या तोंडून दुसरा शब्द निघेना. "मग स्क्रोलबार कशाला?" म्हणून खिडकी निर्धास्त बसायची. सातव्या ओळीपासून पुढचं सगळं माझ्याजवळ असायचं, अक्षरन् अक्षर, पण अंधारात.

सूनबाईने तपासून पाहिलं. 'अबक' लिहिलं. खाली 'चाचणी' लिहिलं. त्याच्या खाली पुन्हा 'चाचणी'. तीन ओळी, तिन्ही दिसल्या. चौकट हलली नाही. ती खूश झाली. पिंपाला भोक आहे का बघायला तळाशी घोटभर पाणी ओतावं, तसं ते झालं. भोक वरच्या अंगाला होतं.

केंद्रात माझ्याआधी एक मोठा काळा फळा होता. शिवाय एक तांबडी पाटी होती, 'आत माणसं आहेत' असं लिहिलेली. टाकीत कुणी धुवायला उतरलं की ती पाटी त्या टाकीच्या व्हॉल्व्हच्या स्विचवर अडकवायची आणि वर आल्यावर काढायची, अशी तिथली जुनी रीत. मी आल्यावर साहेबांनी दोन्ही वस्तू कोठीच्या खोलीत पाठवल्या. "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे. एकच गोष्ट दोन दोन ठिकाणी कशाला?"

सकाळच्या पाळीवर एक म्हातारे ऑपरेटर होते. सगळे त्यांना पाल्हाळमामा म्हणायचे. मामांना कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय. पंप बंद पडला हे सांगताना ते आदल्या दिवशीच्या हवेपासून सुरू करत. लिहितानाही तसंच. हवा, खुर्ची, कोण येऊन गेलं, त्याने काय विचारलं, आणि मग 'आता मुद्द्याचं' असं लिहून कामाची गोष्ट. एका बोटाने, कीबोर्डवर नाक टेकवून लिहायचे. मान वर करायचे ते थेट शेवटी.

"ताई, मी खाली लिहिलेलं मलाच दिसेना झालंय," एकदा ते दुपारच्या पाळीवर येणाऱ्या ऑपरेटर बाईंना म्हणाले. या बाईंना सगळे झटपटताई म्हणत. चालणं झटपट, बोलणं झटपट, आणि कामात कुठे बोट ठेवायला जागा नाही.

"ते आपोआप वर सरकतं हो मामा, वाचणाऱ्याला दिसतं. तुम्ही लिहा बिनधास्त."

मामांनी बिनधास्त लिहिलं.

पहिल्यांदा गेलं ते ग्रीस. 'ग्रीस संपलंय, मागवा' ही त्यांची ओळ माझ्याजवळ अंधारात राहिली आणि एक बेअरिंग कोरडं फिरून जळालं. मग मांजर. मामांनी लिहिलं होतं, 'जुन्या पंपाच्या खोलीत मांजर व्यायली आहे, ती बाहेर जाते-येते, तेव्हा दार लावून घेऊ नका.' सहा ओळींच्या खाली. दुपारी कुणीतरी दार लावलं आणि वर कुलूप घातलं. मांजर बाहेर राहिली, पिल्लं आत. ती दाराशी बसून ओरडायची, माणसं तिला हाकलायची. दार उघडलं तेव्हा मामा स्वतः आत गेले आणि टोपलीवर आपला पंचा झाकून बाहेर आले. टोपली हलत नव्हती. मला त्याहून जास्त सांगवत नाही.

"एक ओळ लिहायची होती मामा," झटपटताई म्हणाल्या. रागाने नाही, हळूच.

"लिहिली होती हो."

"कुठेय?"

दोघांनी वाकून माझ्याकडे पाहिलं. मी सहा ओळी दाखवल्या. त्यात मांजर नव्हती.

मामांनी एक एक ओळ बोटाने धरून पुन्हा वाचली. "मनात लिहिली असेल मग," ते म्हणाले. "वय झालं." त्यानंतर ते लिहून झाल्यावर पुटपुटायला लागले, लिहिलं ना मी, लिहिलं ना. खाली, अंधारात, त्यांची ओळ माझ्याजवळ होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

फिटरने ही गोष्ट घरी जेवताना सांगितली. "मामा म्हणतात, लिहिलेलं गायब होतं."

सूनबाईने ताट बाजूला सारून लॅपटॉप ओढला. 'अबक'. 'चाचणी'. 'चाचणी'. "माझ्याकडे तर सगळं दिसतंय."

"तुझ्याकडे दिसणारच. तू काय मामांसारखी हवेपासून सुरू करतेस?"

ते तो हसत बोलला आणि तिनेही हसण्यावारी नेलं. तरी तिच्या मनाला ते टोचलं असावं, कारण जेवण झाल्यावर तिने एक दुरुस्ती केली. खिडकीला सांगितलं, स्क्रोलबार नेहमीच दाखवत जा, लागो न लागो. "आता तरी कुणी म्हणायला नको, की खाली बघायची सोय नाही."

ही दुरुस्ती मोडतोडीपेक्षा वाईट निघाली. स्क्रोलबार आला, पण कोरा. खिडकीने विचारलं, मी म्हणाले, सहा ओळी, आणि खिडकीने गोळीच दिली नाही. सरकायला जागाच नाही म्हटल्यावर ती गोळी देणार कशी? आधी माणसांना निदान शंका तरी यायची. आता पट्टी बघून ती खात्रीने म्हणायची, पट्टी कोरी, म्हणजे खाली काही नाही. विहिरीवर झाकण ठेवून त्यावर रांगोळी काढावी, तसं मला झालं.

मग तो दिवस आला. शहराच्या दोन नंबरच्या टाकीची धुलाई दुसऱ्या दिवशी ठरली होती. सकाळी मामा आणि फिटर यांच्यात बोलणं झालं, की आज पाण्याची मागणी कमी आहे, उद्याचं आजच उरकू. टाकी जमिनीखाली, आवाराच्या पार टोकाला. फिटर आणि आणखी दोघं ब्रश, दोर घेऊन उतरले. मामांनी तांबड्या पाटीसाठी भिंतीकडे हात केला आणि तिथे नुसता खिळा होता. मग ते माझ्यापुढे बसले.

त्यांनी लिहिलं: आज सकाळपासून हवा दमट आहे, अंग चिकट होतंय. कंट्रोल रूमच्या खुर्चीचं डावं चाक पुन्हा निघालं होतं, ते मी बसवलंय, पण जपून बसावे. चिमण्यांनी काचेवर घरटं धरलंय, ते मोडू नये. वरच्या कार्यालयातून दोन पाहुणे आले होते, चहा घेऊन गेले, काही बोलले नाहीत.

इथे सहा ओळी भरल्या. सातवी ओळ होती, 'आता मुद्द्याचं.' आणि आठवी, 'दोन नंबरच्या टाकीत तिघे उतरले आहेत, ते वर आल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू नये.'

दारात मामा आणि झटपटताई समोरासमोर आले.

"लिहिलंय का सगळं?"

"लिहिलंय ताई. सविस्तर."

"मग तोंडी नको. तुम्ही सुरू झालात की माझा चहा गार होतो."

मामा हसले. डबा काखेत मारून गेले. ताई त्या डाव्या चाकाच्या खुर्चीवर जपून बसल्या, सहा ओळी वाचल्या, कोऱ्या पट्टीकडे एकदा बघितलं आणि 'वाचलं' दाबलं. थोड्या वेळाने एक नंबरच्या टाकीची पातळी उतरलेली त्यांना दिसली. दोन नंबर तर उद्या धुवायची होती. त्यांनी दोन नंबर भरून घ्यायला तिच्या व्हॉल्व्हचा स्विच दाबला. जमिनीखालून एक घुमणारा आवाज आला. त्यात काही विशेष नव्हतं, तो रोजच येतो.

त्याच वेळी माहेरी, त्या टेबलावर, सासूबाई माझ्यापुढे बसल्या होत्या. त्यांना टाइप करायला शिकायचं होतं आणि सूनबाईने त्यांना मलाच उघडून दिलं होतं. गेले काही दिवस सकाळची कामं उरकली की एक एक ओळ करत त्या आपली रोजची प्रार्थना माझ्यात लिहीत होत्या. त्या दिवशी ती पुरी झाली. आता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा वाचायची आणि मग जेवायचं, म्हणून त्यांनी चष्मा लावला.

"सूनबाई, माझी शेवटची ओळ कुठे गेली गं?"

"असेल तिथेच. जेवायला चला, गार होतंय."

"अगं, शेवटची ओळ वाचल्याशिवाय मला उठता येत नाही. तुला माहितीये."

"खाली नाहीये ना आई. पट्टी बघा, कोरी आहे. म्हणजे खाली काही..." असं म्हणत सूनबाई जवळ आली आणि बोलता बोलता थांबली. त्या ओळी तिच्या डोळ्यांदेखत लिहिल्या गेल्या होत्या. तिने माझ्यातलं सगळं एकदम निवडलं, उचललं आणि दुसऱ्या कोऱ्या पानावर टाकलं. प्रार्थना तिथे पूर्ण होती, शेवटच्या ओळीसकट. मग ती माझ्या पोटात शिरली, माझ्यासाठी लिहिलेल्या सूचना वरून खाली बघत गेली, आणि त्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

"मामा लिहीत होते," ती म्हणाली. "आई, मामा खरंच लिहीत होते."

"बाळ आज कशावर आहे?" सासूबाईंनी विचारलं. त्या अजून उठल्या नव्हत्या.

"सकाळी फोनवर म्हणाले, उद्याची टाकी आजच..." पुढचं तिने सांगितलं नाही. तिने फिटरला फोन लावला. तो वाजत राहिला. टाकीच्या तोंडाशी त्याचा शर्ट टांगलेला होता आणि फोन त्या शर्टाच्या खिशात होता. मग तिने कंट्रोल रूमला लावला.

"ताई, मी फिटरची बायको. मामांची सूचना वाचलीत?"

"वाचली की. खुर्ची, चिमण्या, चहा."

"त्याच्या खाली?"

"खाली काही नाही. तुमची पट्टी कोरी आहे."

"पट्टीचं ऐकू नका. चौकटीत क्लिक करा. कंट्रोल धरून ए दाबा. सगळं निळं झालं? आता कंट्रोल आणि सी. नोटपॅड उघडा. कंट्रोल आणि व्ही."

"अहो पण झालंय काय?"

"आधी करा. आता वाचा."

"आज सकाळपासून हवा दमट..."

"वरचं नको ताई. शेवटून वाचा."

ताई शेवटून वाचायला लागल्या आणि तीन-चार शब्दांनंतर उठल्या. स्विच खाडकन खाली आल्याचा आवाज झाला. रिसीव्हर टेबलावरून लोंबत राहिला. सूनबाई त्यात "ताई, ताई" करत राहिली, आणि तिच्याशी बोलायला खोलीत मी सोडून कुणी नव्हतं.

पाणी छातीपर्यंत चढलं होतं. अंधार, शिडी एक, तीही शेवाळलेली. दोघं वर आले. फिटर सगळ्यात मागे होता, त्याचा पाय घसरला, घोटा मोडला. ताई आणि त्या दोघांनी त्याला दोराने ओढून काढलं. घरी बातमी पोचली तेव्हा सासूबाईंनी पानावरची ती शेवटची ओळ मोठ्याने वाचली, हात जोडले, आणि मग उठल्या.

सूनबाईने त्याच दिवशी माझ्यावरची ती एक ओळ काढून खिडकीला दिली. खिडकीने विचारलं, "बाई, तू किती लांब?" आणि किती दिवसांनी मला खरं बोलता आलं. पट्टीत गोळी आली. एवढ्यावर ती थांबली नाही. शेवटची ओळ दिसेपर्यंत 'वाचलं' हे बटण दबणारच नाही, असं तिने करून टाकलं. "आईंचं व्रत आता बटणाला लावलंय," ती नवऱ्याला म्हणाली. तो प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून बसला होता. "म्हणजे आता बटणासाठीही दूध उतू जाणार," तो म्हणाला. हसताना तिचे डोळे भरून आले. तांबडी पाटी कंट्रोल रूमच्या खिळ्यावर परत लागली. झटपटताईंनीही तेच व्रत घेतलं, आणि आता त्यांचा चहा रोज गार होतो.

मामांना त्यांची ती मांजराची ओळ दाखवली. "म्हणजे लिहिली होती मी," एवढंच ते म्हणाले. पुढे साहेबांनी त्यांची बदली केली, नदीकाठच्या लहान पंपघरात. तिथे काम थोडं, माणसं थोडी, लिहायचंही थोडं.

आणि हेच मला सांगायचं होतं. त्या पंपघरातही एक कॉम्प्युटर आहे. जुना, कशालाच न जोडलेला. त्यात मी आहे आणि मी अजून तशीच आहे, सहा ओळींची, कोऱ्या पट्टीसकट. नंतरची खरी दुरुस्ती इथे कुणी आणलीच नव्हती. आज फिटर घेऊन आलाय, पेन ड्राइव्हमध्ये, शर्टाच्या खिशात. त्याचा पाय बरा झालाय, किंचित लंगडतो. मामांना बघून त्याला आनंद झाला.

"आधी ते कॉम्प्युटरचं उरकू का?" मामांनी विचारलं.

"आधी विहिरीतली जाळी साफ करतो मामा, उजेड आहे तोवर. मग बसू निवांत. तुम्ही आहातच वर."

त्याने शर्ट काढून माझ्या शेजारच्या खुंटीवर टांगला आणि तो खाली उतरला. जाळी घट्ट अडकलेली निघाली. लोखंडावर लोखंड आपटल्याचे आवाज येत राहिले. मामांची पाळी संपली. त्यांची शेवटची गाडी ठरलेली असते. त्यांनी खाली हाक मारली, ती खाली पोचली की नाही मला ठाऊक नाही. मग ते माझ्यापुढे बसले. त्यांना सगळ्यांनी सांगितलंय, की आता दुरुस्त झालंय, आता सगळं दिसतं; इथलं मात्र अजून फिटरच्या खिशातच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. म्हणून पूर्वीपेक्षा जास्त मोकळेपणाने लिहितात. नदीवरच्या धुक्याबद्दल लिहिलं. काठावरच्या बगळ्याबद्दल लिहिलं. मांजरीबद्दल लिहिलं; ती त्यांच्या मागे इथवर आलीय. सहा ओळी भरल्या. मग त्यांनी 'आता मुद्द्याचं' लिहिलं, खाली विहिरीत फिटर आहे, तो वर येईपर्यंत पंप सुरू करू नये, ही पुढची ओळ लिहिली, डबा काखेत मारला आणि दार ओढून घेऊन गेले.

इथे तांबडी पाटी नाही. कधीच नव्हती.

आता दार उघडलंय. येणारा माणूस बदली आहे, आजच्यापुरता, मी त्याला पूर्वी पाहिलेलं नाही. त्याने पिशवी ठेवली. खुंटीवरचा शर्ट पाहिला, तो मामांचाच समजला असावा. खुर्ची ओढली. धुकं वाचलं, बगळा वाचला, मांजर वाचताना थोडा हसलासुद्धा. चांगला माणूस वाटतो. त्याने पट्टीकडे पाहिलं. पट्टी कोरी आहे. त्याचा हात माउसवर आहे.

आणि टेबलावरचा फोन वाजू लागलाय. सूनबाई असेल, पेन ड्राइव्ह लावला का विचारायला. तिला आता अशी सवयच लागलीय. टेबलाच्या तिसऱ्या बाजूला सासूबाई असतील, पुस्तकात बोट घालून. माझी आशा अजून सुटलेली नाही. माणूस आधी फोनही उचलू शकतो.

तो दोन्हीकडे बघतोय, फोनकडे आणि बटणाकडे. मला बोलता येत नाही, म्हणून हे तुम्हाला सांगतेय. तुमच्यासाठीही कुणीतरी, कुठेतरी, शेवटपर्यंत लिहून ठेवलेलं असेल. पाल्हाळ लावलं म्हणून कंटाळू नका. पट्टी कोरी दिसली तरी एकदा सगळं उचलून मोकळ्या पानावर ओतून बघा. शेवटची ओळ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'वाचलं' म्हणू नका, आणि तोवर जागचे उठू नका. व्रत लहानसं आहे, फार तर चहा गार होईल. घ्याल ना? आत्ताच घ्या. फोन अजून वाजतोय.